एकदा एक मराठी, एक गुजराती आणि एक सरदारजी…

विमान बिघडलेलं असतं आणि पॅराशूट एक कमी असतं. आत एक मराठी, एक गुजराती, एक मद्रासी आणि एक सरदारजी. एवढं ऐकलं की पुढचं बरंचसं आपण स्वतःच भरतो. गुजराती आधी पॅराशूटचा भाव काढणार, मद्रासी वैमानिकाच्या नावे इंग्रजीत अर्ज टाइप करणार, मराठी माणूस 'हा आपल्यावर अन्याय आहे' म्हणून सभा घेणार आणि सरदारजी कुणाची तरी शाळेची पिशवी पाठीला बांधून उडी मारणार. विनोद काही फार भारी नाही. पण सांगणाऱ्याला पात्रांची ओळख करून द्यावी लागली नाही, हे लक्षात घ्या. ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून तयार होती.

हे तयार सामान येतं कुठून, एवढं टिकतं कसं आणि त्यातलं कुठलं नुसतं हसवतं नि कुठलं बोचतं, ते इथे पाहू. उदाहरणं बरीचशी मुंबईची आहेत. इतक्या भाषांची माणसं एका फलाटावर, एका कचेरीत आणि एका वाण्याच्या दुकानात पिढ्यानपिढ्या एकमेकांचं बोलणं ऐकत आली, असं दुसरं शहर आपल्याकडे नाही.

तोच विनोद, नावं निराळी

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ क्रिस्टी डेव्हिस (१९४१–२०१७) यांनी देशोदेशीचे असे विनोद गोळा करून त्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचं 'एथ्निक ह्यूमर अराउंड द वर्ल्ड' हे पुस्तक १९९० साली आलं. देश कुठलाही असो, दोन पात्रं ठरलेली असतात, असं त्यांना आढळलं: एक बावळट आणि दुसरं चिक्कू. इंग्रज आयरिश माणसाला बावळट ठरवतो, फ्रेंच बेल्जियनाला, अमेरिकन पोलिशाला, ब्राझीलचा माणूस पोर्तुगिजाला. कॅनडात हे काम न्यूफाउंडलंड बेटावरच्या लोकांकडे आहे, तर जर्मनीत वायव्य किनाऱ्यावरच्या ईस्ट फ्रिसियनांकडे. एक बल्ब बदलायला पाच जण लागतात, एक टेबलावर उभा राहून बल्ब धरतो आणि चौघे टेबल गोल फिरवतात, हा विनोद अमेरिकेत पोलिशांवर होता. आपल्याकडे तो सरदारजींच्या नावे जमा झाला. माल तोच, लेबल बदललेलं.

यावरून एक गोष्ट कळते. या विनोदांना त्या त्या लोकांच्या खऱ्या स्वभावाशी फारसं देणंघेणं नसतं. असतं ते, कोण कुठे राहतं आणि काय करून पोट भरतं याच्याशी. बावळट ठरणारा कधीच अगदी परका नसतो. तो जवळचाच, जरा कडेला राहणारा, थोडी वेगळी भाषा बोलणारा आणि बहुधा अंगमेहनतीच्या कामात असलेला माणूस असतो. फ्रेंच माणूस जपान्याला बावळट म्हणत बसत नाही, कारण जपानी त्याच्या गावात विटा वाहायला आलेला नसतो.

चिक्कूपणाचं सगळ्यांत गमतीदार गाव बल्गेरियात आहे. गाब्रोव्हो त्याचं नाव. तिथले लोक मांजराची शेपटी कापतात म्हणे, म्हणजे मांजर आत येताना दार लवकर लागतं आणि थंडीच्या दिवसांत घरातली ऊब वाया जात नाही. गावाने हा आरोप अंगाला लावून न घेता खांद्यावर घेतला. १९७२ साली, एक एप्रिलचा मुहूर्त धरून, तिथे विनोद आणि उपहासाचं संग्रहालय उघडलं. शेपटी कापलेलं काळं मांजर आज त्या गावाची खूण म्हणून मिरवतं.

पुण्याने वेगळं काय केलं? दुपारी एक ते चार बंद, 'येथे पत्ता विचारू नये', 'बेल एकदाच वाजवा, आम्ही बहिरे नाही' हा सगळा माल आता मग आणि फ्रिजवरच्या चुंबकांवर विकला जातो. पाट्यांवरून दुखावलेला पुणेकर मला अजून भेटायचा आहे. भेटलेले सगळे आपल्या घराजवळची पाटी जास्त तिखट कशी, हे सांगणारे.

ठसा धंद्यातून येतो

जुन्या मराठी फार्सांत आणि पुढे बोलपटांत मारवाडी सावकार हे हमखास पात्र असे. पागोटं, चोपडी, 'ब्याज' आणि मोडकं मराठी. हे पात्र कुणा नाटककाराच्या डोक्यातून निघालेलं नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं आणि घरं फोडली, कर्जाचे रोखे बाहेर काढून जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजराती होते. सरकारने चौकशी बसवली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आणला. रंगमंचावर मारवाडी आला की पिटात जो हशा पिकायचा त्याच्या तळाशी ते रोखे होते. सावकारी कायद्याने आवरली गेली, बँका आल्या, मारवाड्यांची नातवंडं डॉक्टर आणि चार्टर्ड अकाउंटंट झाली, तरी विनोदातला मारवाडी चोपडीवरच बसून आहे.

मुंबईत हा प्रकार पावलोपावली दिसतो. मॅट्रिक होऊन टायपिंग-शॉर्टहँड शिकलेली पालघाट-तंजावरकडची मुलं फोर्टातल्या कचेऱ्यांत आली, माटुंग्याला राहिली आणि 'मद्रासी' म्हणजे इंग्रजीत अर्ज लिहिणारा, अशी खूणगाठ बसली. मंगळूर-उडुपीकडचे लोक खाणावळी घेऊन आले. माटुंगा स्टेशनासमोरचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचं. त्यामुळे कन्नड, तुळू, तमिळ, मल्याळम अशा चार भाषांचे लोक एका 'अण्णा'त कोंबले गेले. उत्तर प्रदेशातून आलेला दूधवाला भैया झाला, नेपाळी माणूस रात्रीच्या शिट्टीवाला गुरखा झाला, इराणी म्हणजे ब्रुन-मस्का आणि गल्ल्यावरची खेकसणारी मूर्ती.

यातली सिंध्यांची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत उतरवण्यात आलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे उल्हासनगरची कोनशिला बसली. गाव मोठं झालं, महापालिका झाली, तरी पत्ता सांगताना आजही 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असंच म्हणतात. जमीन नाही, ओळख नाही, सरकारी नोकरीला वशिला नाही, अशा माणसांनी बरॅकीत बसून जे करता येईल ते केलं: बिस्किटं, पापड, कपडे, पेनं, प्लास्टिकच्या वस्तू. त्या मालावर म्हणे 'मेड इन यूएसए' असं छापलेलं असे आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. ठाणे जिल्ह्यात वाढलेल्या प्रत्येकाने हा विनोद ऐकलेला असतो. सांगणाऱ्यांच्या सुरात तुच्छता असते तितकंच कौतुकही असतं, आणि सिंधी मित्रच तो जास्त रंगवून सांगतात. कारण त्यात त्यांच्या आजोबांनी शून्यातून काय उभं केलं ते आलेलं आहे.

याच सिंध्यांवर दुसरीही एक म्हण फिरते, साप आणि सिंधी एकदम समोर आले तर आधी कुणाला मारावं याची. 'सिंधी' काढून तिथे देशातल्या निदान अर्धा डझन जमातींची नावं घातलेली मी ऐकली आहेत. यूएसएचा विनोद दुसऱ्या कुणावर सांगता येत नाही. सापाचा कुणावरही बसवता येतो. माझ्या मते या दोहोंतला फरक इथेच आहे. पहिल्यात निदान थोडी पाहणी आहे, दुसऱ्यात नुसता द्वेष आहे आणि तो कुठेही खपतो.

आणि आपण कोण?

दुसऱ्यांच्या विनोदात मराठी माणूस कोण असतो, हे आपण क्वचित विचारतो. हिंदी सिनेमात कित्येक वर्षं तो दोनच कामांवर होता: पोलीस हवालदार आणि मोलकरीण. हवालदाराचं नाव पांडू नाहीतर शिंदे, मोलकरीण नऊवारीतली बाई, दोघांचं हिंदी मोडकं. मुंबईत देशावरून आलेल्याला 'घाटी' म्हणतात. गोव्यातही घाटापलीकडून आलेल्याला तोच शब्द, 'घांटी', लावतात आणि गोव्याच्या तियात्रात, म्हणजे तिथल्या कोकणी लोकनाट्यात, हे पात्र चांगल्या टाळ्या घेतं. कारण पुन्हा तेच. रत्नागिरी आणि साताऱ्याची माणसं गिरण्यांत, गोदीत आणि पोलीस दलात भरती झाली. गिरगावात प्राध्यापक, वकील, संपादकही होते, पण शहरातल्या श्रीमंताचा रोजचा संबंध आला तो दारातल्या हवालदाराशी आणि स्वयंपाकघरातल्या बाईशी. त्याला जेवढा मराठी माणूस दिसला तेवढाच पडद्यावर गेला.

दादा कोंडके यांनी १९७५ मध्ये त्याच हवालदाराला नायक केलं. 'पांडू हवालदार'मधला पांडू बावळट आहे, चावट आहे, पण कॅमेरा त्याच्या बाजूने उभा आहे. साहेब, शेठ आणि स्मगलर त्याच्या तोंडून खाली येतात. प्रेक्षकांत खाकी कपड्यातले खरे पांडूही असणार. ते स्वतःवर हसले आणि साहेबांवरही हसून घेतलं. दादांचे सिनेमे शिष्ट मंडळींनी फार वर्षं नाक मुरडून बाजूला ठेवले, पण या एका बाबतीत त्यांची समज पुष्कळ विद्वानांहून पक्की होती.

चेष्टेचा करार

मानववंशशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली एक निबंध लिहिला. अनेक समाजांत काही नात्यांना एकमेकांची टिंगल करण्याची मुभा असते, एवढंच नव्हे, ती टिंगल कुणी मनाला लावून घ्यायची नसते, असं त्यांनी त्यात दाखवलं. आपल्याला हे सांगायला परदेशी पंडित नको होता. दीर-भावजयीची थट्टा, लग्नातल्या उखाण्यांतले टोमणे, रुखवतावरून विहिणींनी एकमेकींच्या घराण्याचा काढलेला उद्धार, हे सगळं ठरलेल्या चौकटीत चालतं. तिथे राग येणं हाच अडाणीपणा.

पश्चिम आफ्रिकेत हीच गोष्ट कुळाकुळांत आणि जमातीजमातींत चालते. मालीमध्ये कुलिबाली आडनावाचा माणूस भेटला की ठरलेल्या कुळातला दुसरा माणूस त्याला चवळीखाऊ म्हणणार, तो उलटून 'तूच खातोस' म्हणणार. हे अनोळखी माणसांतही होतं, बाजारात, बसमध्ये, अगदी पोलीस चौकीतही, आणि त्यामुळे तापलेलं वातावरण निवळतं. शेजारच्या नायजरमधली थट्टेच्या नात्याची ही प्रथा युनेस्कोने २०१४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

या कराराचं मुख्य कलम एकच आहे: उलट उत्तर देण्याचा हक्क दोघांना सारखा हवा. मुंबईच्या लोकलमध्ये रोज एकाच डब्याला येणारे गट असतात. त्यांतल्या शाहला 'काय शेठ, शेअर पडले वाटतं, आज चहा नाही पाजत' असं ऐकावं लागतं. शाह लगेच सावंतला विचारतो, 'तुझं काय, आज मोर्चा नाही का?' अय्यरच्या दहीभाताचा विषय निघतो, अय्यर दोघांच्या इंग्रजीचा काढतो. तिकीट तिघांचं तेच, पगार उन्नीस-बीस. विरारपर्यंत कुणी मागे हटत नाही आणि कुणाच्या घरी काही झालं तर हेच तिघे आधी पोचतात.

आता याच जागी सोसायटीचा नेपाळी वॉचमन ठेवा. सेक्रेटरी त्याची नक्कल करतो, 'ओ शाबजी' म्हणतो, मुलं हसतात. वॉचमनही हसतो. त्याला न हसून चालत नाही, महिन्याची नोकरी त्या सेक्रेटरीच्या हातात आहे. त्याने सेक्रेटरीच्या बोलण्याची नक्कल केली तर? शब्द लोकलमधल्यापेक्षा सौम्य असतील, पण इथे करार नाही. इथे एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने हसायचं आहे.

पारशी, गोवेकर आणि स्वतःवर हसण्याची कला

स्वतःच्या समाजाची चेष्टा पद्धतशीर करायला मुंबईत पारशांनी सुरुवात केली. लंडनच्या 'पंच'च्या धर्तीवर 'पारसी पंच' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक १८५४ मध्ये निघालं. रंगमंचावर विसाव्या शतकात आदी मर्झबान (१९१४–१९८७) यांनी हा वारसा चालवला. पारशी गुजरातीतली त्यांची नाटकं, १९५४ चं 'पिरोजा भवन' त्यांतलं गाजलेलं, शेजाऱ्यांची भांडणं, लांबलेली लग्नं, आजारपणाचं वेड आणि शिव्यांचं वैभव यांनी भरलेली असत. पुढे मुंबई दूरदर्शनवरच्या त्यांच्या गुजराती कार्यक्रमामुळे ही भाषा मराठी घरांतही पोचली. हिंदी सिनेमाने मात्र त्यातला जुनी मोटार आणि 'सालो' एवढाच ऐवज उचलला. २००१ च्या जनगणनेत भारतात ६९,६०१ पारशी होते, २०११ मध्ये ५७,२६४. सिनेमातल्या म्हाताऱ्या बावाजीवर हसताना हा आकडा आठवत नाही, हेही खरं.

गोवेकर ख्रिस्ती समाजाचं तियात्र जन्मलं तेही मुंबईतच. पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ चा. आचारी, खलाशी, बँडवाले आणि आया म्हणून मुंबईत आलेल्या माणसांनी आपल्याच पाद्र्यांची, भाटकारांची आणि आफ्रिकेहून पैसे कमावून आलेल्या आपल्याच भाऊबंदांची त्यात खिल्ली उडवली. हिंदी सिनेमातला दारुडा डिसोझा आणि तियात्रातला दारुडा यांत मोठा फरक आहे. तियात्रातल्या दारुड्याला बायको असते, कर्ज असतं, गावातलं घर असतं.

आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी तेच साधलं. मुंबईकर, पुणेकर, नागपूरकर असे ठसे त्यांनी वापरले, त्यांच्या पेस्तनकाकांचं बोलणंही पारशी ठशाचंच. पण 'अंतू बर्वा' वाचताना सुरुवातीचा तिरकस, चिक्कू कोकणी म्हातारा शेवटी कोकणी म्हणून उरतच नाही. तो फक्त अंतूशेठ उरतो. त्यांचा रावसाहेब बेळगावकडचा, कानडी हेल काढणारा आणि शिवराळ, तरी त्याची नक्कल करणारा माणूस नकळत त्याच्यावर लोभ करायला लागतो. ठशापासून सुरुवात करायला हरकत नसावी. लेखक तिथेच थांबला की काम बिघडतं.

एक वर्ग, दोन देश

१९७७ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्हीवर 'माइंड युवर लँग्वेज' सुरू झालं. इंग्रजी शिकायला आलेल्या परदेशी लोकांचा वर्ग आणि मधे गोंधळलेला मास्तर. इटालियन रंगेल, जर्मन बाई कडक, जपानी सारखा वाकणारा, पाकिस्तानी आणि शीख एकमेकांवर धावून जाणारे. त्यातल्या रणजीत सिंगची भूमिका करणारे अल्बर्ट मोझेस श्रीलंकेत जन्मलेले होते. पडद्याला पगडी हवी होती, ती कुणाच्या डोक्यावर हे बघायला कुणी बसलं नव्हतं. मालिका लोकप्रिय असूनही तीन वर्षांत बंद झाली. असले ठसे चालणार नाहीत ही ओरड हे त्यामागचं एक कारण.

गंमत पुढे आहे. हीच मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर 'जबान सँभालके' होऊन आली. पंकज कपूर हिंदी शिकवणारे मास्तर, मुख्याध्यापिका शुभा खोटे, आणि विद्यार्थ्यांत विठ्ठल बापूराव पोटे हा मराठी माणूस झाला त्यांचा भाऊ विजू खोटे, म्हणजे 'शोले'तला कालिया. ब्रिटनमध्ये जिथे इटली आणि जपान होते तिथे इथे तमिळ, गुजराती, पंजाबी आणि मराठी बसले. इथे मालिका बघून कुणी रस्त्यावर आलं नाही. वर्ग तोच, पण ब्रिटनमध्ये पाहणारा यजमान होता आणि हसण्याचा विषय पाहुणा. इथे वर्गात बसलेलेच घरोघरी टीव्हीसमोर बसले होते आणि प्रत्येकाची पाळी येत होती.

ब्रिटनला याचं उत्तर १९९८ मध्ये मिळालं. बीबीसीवरच्या 'गुडनेस ग्रेशस मी'मध्ये मीरा स्याल, संजीव भास्कर, कुलविंदर घीर आणि मुंबईत पारशी कुटुंबात जन्मलेल्या नीना वाडिया यांनी दाखवलं की मुंबईतली झिंगलेली टोळी रात्री 'इंग्लिश' खायला जाते, वेटरच्या नावाचे धिंडवडे काढते आणि पैज लावून सगळ्यांत बेचव पदार्थ मागवते. शुक्रवारी रात्री दारू पिऊन 'इंडियन' खायला जाणाऱ्या इंग्रजांना तो आरसा नीट दिसला. अमेरिकेत 'द सिम्प्सन्स'मधल्या किराणा दुकानदार अपूला आवाज देणारे हँक अझारिया २०२० मध्ये त्या भूमिकेतून बाजूला झाले. त्याआधी तीन वर्षं हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदवीराने त्यावर माहितीपट काढला होता.

कुंचल्यापासून रस्त्यापर्यंत

विनोदाने खरंच काही बिघडतं का? डेव्हिस यांचं म्हणणं होतं की विनोद हा थर्मामीटर आहे. तो समाजाचा ताप दाखवतो, वाढवत नाही. मुंबईचा इतिहास मात्र हे इतकं सरळ नाही असं सांगतो. बाळ ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण काही काळ एकाच इंग्रजी दैनिकात व्यंगचित्रकार होते. ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केलं. पुढे त्यात कंपन्यांमधल्या बड्या अधिकाऱ्यांच्या याद्या 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली छापल्या जाऊ लागल्या. त्यांत दाक्षिणात्य नावं रांगेने असत. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली आणि त्यानंतर 'लुंगी'वरच्या घोषणा रस्त्यावर आल्या, उडुप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले. नोकऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. मराठी तरुण खरोखर बेकार होता. पण लुंगी हा विनोदाचा विषय आधी झाला नसता, तर ती घोषणेत इतकी सहज बसली नसती.

मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड यांनी २००४ मध्ये एका सहलेखकाबरोबर मांडलेला सिद्धान्त मला या बाबतीत जास्त पटतो. तुच्छतेचा विनोद सज्जनाला दुर्जन करत नाही. पण ज्याच्या मनात आधीच आकस आहे त्याला तो परवाना देतो: इथे हे चालतं, इथे कुणी अडवणार नाही. फोर्ड यांचे प्रयोग मुख्यतः स्त्रियांवरच्या विनोदांचे होते, तरी गल्लीतला अनुभव त्याला दुजोराच देतो.

जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात निडो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानाशी थांबला. त्याच्या रंगवलेल्या केसांवरून तिथल्यांनी टिंगल केली. त्याने रागाने काच फोडली, त्याला मारहाण झाली, दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. एका आमदाराचा तो मुलगा होता, म्हणून निदान बातमी झाली. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशावरून होणाऱ्या अपमानासाठी फौजदारी कायद्यात वेगळी कलमं घालावीत, अशी शिफारस केली.

सरदारजी न्यायालयात

सरदारजींची गोष्ट सगळ्या नियमांना थोडी बगल देते. ते गरीब नाहीत, कडेला नाहीत. शेती, सैन्य, वाहतूक, उद्योग, सगळीकडे पुढे. तरी बावळटाची जागा त्यांच्याकडे. त्यांतले बरेच विनोद खुद्द शिखांनीच प्रचारात आणले आणि खुशवंत सिंग यांनी तर विनोदांच्या पुस्तकांची मालिका काढली. आपल्या ताकदीबद्दल खात्री असलेला समाज असं करू शकतो. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारानंतर मात्र पगडीवरचं हसणं प्रत्येकाला पूर्वीसारखं सोपं गेलं नसणार.

२०१५ मध्ये एका शीख महिला वकिलाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. शिखांवरचे विनोद पसरवणाऱ्या सुमारे पाच हजार संकेतस्थळांवर बंदी घालावी, ही मागणी. आपल्या मुलांना नावापुढे 'सिंग' आणि 'कौर' लावायला संकोच वाटतो, असं तिने न्यायालयाला सांगितलं. आपल्या ओळखीचे शीख हे विनोद खिलाडूपणे घेतात, अशी न्यायमूर्तींची पहिली प्रतिक्रिया होती. मग गुरख्यांच्या वतीनेही अशीच याचिका आली. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाने म्हटलं की नागरिकांनी कसं वागावं याची नैतिक नियमावली न्यायालय घालून देऊ शकत नाही; एका समाजासाठी दिली तर उद्या दुसरा समाज येईल. मला हा निर्णय बरोबर वाटतो. बंदीने विनोद मरत नाही, तो कुजबुजीत जातो आणि तिथे जास्त विखारी होतो. तरी ज्या मुलाला शाळेत रोज 'बारा वाजले का रे' ऐकावं लागतं, त्याचं गाऱ्हाणं या निकालाने सुटलेलं नाही. ते सोडवायचं काम त्या वर्गातल्या बाईंचं आहे.

सध्या नवे ठसे तयार होत आहेत आणि तेही धंद्यातूनच. ब्यूटी पार्लरमधली मणिपुरी मुलगी, गेटवरचा झारखंडचा सुरक्षारक्षक, पार्सल घेऊन चौदा मजले चढणारा बिहारचा पोरगा. फरक एवढाच की या वेळी त्यांच्या हातातही फोन आहे. लिफ्ट वापरू न देणाऱ्या सोसायट्या, 'भैया, जरा पाणी पण आणून द्या' म्हणणारे ग्राहक आणि ओटीपी सांगायला दहा मिनिटं लावणाऱ्या काकू, यांच्या नकला भोजपुरी आणि हिंदी रील्समध्ये आता सर्रास दिसतात. एखादी काढून बघा. त्यातल्या काकूंचं हिंदी फार ओळखीचं वाटेल.